ओव्ह्युलेशन, पाळी आणि हार्मोनच्या तपासण्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हार्मोनचा रिपोर्ट हातात पडला की नजर आधी ठळक छापलेल्या आकड्याकडे जाते. आकडा जास्त की कमी, एवढ्यावरून घरात काळजी सुरू होते. पण पाळीशी संबंधित हार्मोन दिवसागणिक बदलतात, काही तर तासागणिक. रक्त पाळीच्या कितव्या दिवशी दिलं हे माहीत नसेल, तर त्या आकड्यावरून फारसं काही ठरवता येत नाही. खालच्या बहुतेक उत्तरांत ही गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, कारण बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

पाळी दर महिन्याला येते, म्हणजे ओव्ह्युलेशन होतच असणार ना?

बहुतेक वेळा हो. ओव्ह्युलेशन म्हणजे अंडाशयातून बीज बाहेर पडणं, म्हणजेच बीज फुटणं. २४ ते ३८ दिवसांच्या अंतराने, फारसा मागेपुढे न होता पाळी येत असेल, मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट, ताणला जाणारा स्राव जात असेल आणि पाळीआधी छाती जड होत असेल, तर बीज फुटत असण्याची शक्यता खूप मोठी आहे. अशा बाईला केवळ खात्रीसाठी महागड्या तपासण्यांची गरज सहसा नसते.

तरीही रक्तस्राव आणि ओव्ह्युलेशन या दोन वेगळ्या घटना आहेत. बीज फुटलं नाही तरी इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं आणि कधीतरी ते सुटून अंगावर जायला लागतं. दिसायला ती पाळीच असते. अधूनमधून एखादं चक्र असं जाणं निरोगी बाईतही घडतं. मुलीची पाळी सुरू झाल्यावरची पहिली काही वर्षं, बाळंतपणानंतर अंगावर पाजण्याचा काळ आणि पाळी जाण्याआधीची वर्षं या तीन टप्प्यांत हे जास्त दिसतं. महिनोन्महिने बीज फुटत नसेल तर मात्र कारण शोधायला हवं. गर्भधारणेचा प्रश्न आहेच, पण बीज फुटल्यावर वाढणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचा लगाम नसताना अस्तर सतत जाड होत राहणं हेही चांगलं नाही.

चक्राचा पहिला दिवस कोणता धरायचा?

ज्या दिवशी नेहमीसारखा लाल रक्तस्राव सुरू झाला, पॅड लावावंच लागलं, तो पहिला दिवस. त्याआधीचे तपकिरी डाग मोजायचे नाहीत. रात्री उशिरा सुरू झालं तर तो दिवस धरायचा की दुसरा, यावर डोकं शिणवू नका. एका दिवसाच्या फरकाने तपासणी वाया जात नाही, आठवड्याच्या फरकाने जाते.

महिनाभरात कोणता हार्मोन केव्हा वर जातो?

पाळी सुरू होते तेव्हा इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही तळाला असतात. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एफएसएच हा हार्मोन सोडते. त्याने अंडाशयातली काही फॉलिकल, म्हणजे बीज ज्यात वाढतं त्या पाण्याच्या पिशव्या, मोठ्या होऊ लागतात. त्यांतली एक पुढे जाते आणि बाकीच्या मागे पडतात. पुढे गेलेली पिशवी भरपूर इस्ट्राडायॉल, म्हणजे इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार, तयार करते.

एरवी इस्ट्रोजेन पिट्युटरीला आवरून धरतं. पण इस्ट्राडायॉल मिलिलिटरमागे सुमारे २०० पिकोग्रॅमच्या वर गेलं आणि साधारण दोन दिवस तिथे टिकलं, की हाच हार्मोन उलटं काम करतो आणि पिट्युटरीतून एलएच, म्हणजे बीज फुटायला लावणारा हार्मोन, एकदम उसळतो. या उसळीला सुरुवात झाल्यापासून सुमारे ३६ तासांत बीज फुटतं. बीज बाहेर पडल्यावर मागे राहिलेल्या पिशवीचं रूपांतर कॉर्पस ल्युटियममध्ये होतं आणि ते प्रोजेस्टेरॉन बनवायला लागतं. बीज फुटल्यावर साधारण सात दिवसांनी प्रोजेस्टेरॉन सर्वांत वर असतं. गर्भ राहिला नाही तर कॉर्पस ल्युटियम आटतं, प्रोजेस्टेरॉन कोसळतं आणि अस्तर सुटून पाळी येते.

या साखळीचा पहिला भाग लांबतो आणि आखूडही होतो, तर दुसरा भाग बराच स्थिर असतो. जपानचे डॉक्टर क्यूसाकू ओगिनो यांनी १९२४ साली हेच मांडलं होतं: बीज कधी फुटतं याचा हिशोब मागच्या पाळीपासून करण्यापेक्षा पुढच्या पाळीपासून उलटा करावा. पाळी आठ दिवस पुढे गेली तर बहुतेक वेळा बीजच उशिरा फुटलेलं असतं. सहा लाखांहून अधिक चक्रांच्या नोंदींचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात बरोबर २८ दिवसांची चक्रं फक्त १३ टक्के निघाली. बीज फुटण्याआधीचा काळ सरासरी १६.९ दिवस होता आणि नंतरचा १२.४ दिवस. म्हणजे १४व्या दिवशी बीज फुटतं हे वाक्य बहुतेक बायकांना लागूच पडत नाही.

ओव्ह्युलेशन झालं हे रक्ताच्या कोणत्या तपासणीतून कळतं?

प्रोजेस्टेरॉनच्या. बीज फुटण्याआधी ते सहसा मिलिलिटरमागे १ नॅनोग्रॅमच्या आसपास किंवा खाली असतं. चक्राच्या उत्तरार्धात ते ३ च्या वर गेलेलं दिसलं, तर या चक्रात बीज फुटलं असं मानतात. काही देशांत नॅनोमोलमध्ये आकडा देतात. तिथे ३० नॅनोमोल प्रति लिटर, म्हणजे साधारण ९.४ नॅनोग्रॅम, ही जास्त कडक रेषा वापरतात. रिपोर्टमधलं एकक न बघता इंटरनेटवरच्या आकड्याशी तुलना केली तर उगाच घाबरायला होतं. मिलिलिटरमागे १ नॅनोग्रॅम म्हणजे लिटरमागे ३.१८ नॅनोमोल, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

ही तपासणी मागचं सांगते, पुढचं नाही. बीज फुटून गेलं एवढंच ती सांगू शकते. उद्या फुटणार का, याचा अंदाज एलएचच्या पट्टीवरून किंवा सोनोग्राफीवरून घ्यावा लागतो.

मला २१व्या दिवशी रक्त द्यायला सांगितलंय. पण माझी पाळी ३५–३६ दिवसांनी येते. चालेल का?

नाही, आणि हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. माझ्या मते या '२१व्या दिवसाच्या' तपासणीने जितक्या बायकांना विनाकारण रडवलं असेल तितकं दुसऱ्या कुठल्या तपासणीने नसेल.

२१वा दिवस आला कुठून? चक्र २८ दिवसांचं असेल तर पुढच्या पाळीच्या सात दिवस आधीचा दिवस २१वा येतो. नियम 'पाळीआधी सात दिवस' हा आहे, '२१' हे फक्त एका चक्राचं उत्तर आहे. ३५ दिवसांचं चक्र असेल तर २८वा दिवस, २६ दिवसांचं असेल तर १९वा.

समजा, एका बाईचं चक्र ३६ दिवसांचं आहे. तिने २१व्या दिवशी सकाळी रक्त दिलं आणि प्रोजेस्टेरॉन ०.६ आलं. कागदावर हे 'ओव्ह्युलेशन नाही' असं दिसतं. पण तिचं बीज २२व्या किंवा २३व्या दिवशी फुटायचं होतं. रक्त घेतलं तेव्हा कॉर्पस ल्युटियम तयारच झालेलं नव्हतं, तर प्रोजेस्टेरॉन येणार कुठून? तिने २९व्या दिवशी पुन्हा रक्त दिलं आणि आकडा ११ आला, तर तिच्यात काहीच बिघाड नव्हता. चुकला होता तो दिवस.

पाळीचा नेमच नसेल तर एकाच दिवसावर भिस्त ठेवू नये. अंदाजाने एक दिवस ठरवून, मग पाळी येईपर्यंत दर आठवड्याला प्रोजेस्टेरॉन तपासतात. आणि एक काम प्रत्येकीने करावं: रक्त दिल्यावर पुढची पाळी कोणत्या तारखेला आली ते त्याच रिपोर्टवर लिहून ठेवावं. पाळी चार ते दहा दिवसांत आली तर तपासणीचा दिवस बऱ्यापैकी बरोबर होता. तीन आठवड्यांनी आली तर तो आकडा बाजूला ठेवलेला बरा.

दिवस बरोबर होता, तरी प्रोजेस्टेरॉन फक्त ५ आलं. हे कमी आहे का? गोळ्या घ्याव्या लागतील का?

बीज फुटलं, एवढं या आकड्यावरून म्हणता येतं. त्यापलीकडे एका आकड्याचा अर्थ ताणू नये. कॉर्पस ल्युटियम प्रोजेस्टेरॉन सलग सोडत नाही, पिट्युटरीकडून एलएचचा झटका येईल तसं झटक्याझटक्याने सोडतं. दीड तासाच्या आत रक्तातली पातळी आठपटीपर्यंत वरखाली होऊ शकते. सकाळी नऊला ५ आलेली बाई साडेदहाला १५ वर असू शकते. त्यामुळे '१० च्या वर हवं' हा आकडा ढोबळ दिलासा म्हणून ठीक, पण त्याखाली आलं म्हणजे आजार असं नाही.

उत्तरार्ध कमजोर आहे का, हे बघायचं असेल तर दिवस मोजणं जास्त उपयोगी पडतं. बीज फुटल्यापासून पाळी येईपर्यंत १० किंवा त्याहून कमी दिवस, आणि तेही महिन्यामागून महिना होत असेल, तर डॉक्टरांशी बोलावं. थायरॉइड, प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारा हार्मोन), खाण्यापिण्यातली तूट, अतिव्यायाम ही कारणं आधी पाहिली जातात. 'प्रोजेस्टेरॉन कमी' म्हणून थेट गोळ्या सुरू करण्याआधी हा प्रश्न विचारायला संकोच करू नका.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या रक्तात काय बघतात?

एफएसएच, एलएच आणि इस्ट्राडायॉल. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात यंत्रणा विश्रांतीत असते, म्हणून पायाभूत पातळी तेव्हाच कळते. एफएसएच १० च्या वर जायला लागलं तर अंडाशयाला काम करवून घेण्यासाठी पिट्युटरीला जास्त जोर लावावा लागतोय, असा अर्थ निघतो.

इस्ट्राडायॉल सोबत का करायचं, हा प्रश्न नेहमी येतो. त्या दिवसांत इस्ट्राडायॉल आधीच ८० पिकोग्रॅमच्या वर असेल तर ते एफएसएचला दाबून ठेवतं. मग एफएसएच ६ असं छान दिसतं आणि सगळं ठीक असल्याचा चुकीचा दिलासा मिळतो. एकटं एफएसएच करून घेतलं असेल तर अर्धीच माहिती हातात आहे.

एएमएच कमी आलं. म्हणजे माझं बीज फुटत नाही?

नाही. एएमएच हे अंडाशयात शिल्लक असलेल्या छोट्या फॉलिकलच्या संख्येचा अंदाज देतं. या महिन्यात बीज फुटलं का, ते चांगलं आहे का, यातलं काहीही त्यातून कळत नाही. एएमएच कमी असलेल्या बाईचं बीज दर महिन्याला नेमाने फुटू शकतं, आणि एएमएच भरपूर असलेल्या पीसीओएसच्या (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोमच्या) बाईचं महिनोन्महिने न फुटण्याची शक्यता असते.

नैसर्गिकरीत्या दिवस राहतील का, हेही एएमएचवरून सांगता येत नाही. वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या ३० ते ४४ वयाच्या स्त्रियांचा एक अमेरिकी अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात एएमएच कमी असलेल्यांना आणि नेहमीइतकं असलेल्यांना दिवस राहण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. आयव्हीएफमध्ये इंजेक्शनांना अंडाशय किती प्रतिसाद देईल, याचा अंदाज घ्यायला मात्र ही तपासणी खरोखर कामाची आहे. मूल कधी हवं हेही न ठरलेल्या पंचविशीतल्या मुलीने कुतूहलापोटी एएमएच करून घ्यावं आणि मग वर्षभर झोप उडवून घ्यावी, हे मला पटत नाही. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना एएमएच खऱ्यापेक्षा कमी दिसतं, हेही ध्यानात असू द्या.

लघवीच्या ओव्ह्युलेशन पट्ट्या कशा वापरायच्या?

चक्राच्या लांबीतून १७ वजा करा आणि त्या दिवसापासून रोज तपासायला सुरुवात करा. २८ दिवसांचं चक्र असेल तर ११वा दिवस. चक्र मागेपुढे होत असेल तर गेल्या काही महिन्यांतलं सर्वांत आखूड चक्र हिशोबाला धरा.

एलएचची उसळी बऱ्याचदा पहाटे रक्तात सुरू होते आणि लघवीत उतरायला काही तास लागतात. म्हणून सकाळच्या पहिल्या लघवीपेक्षा दुपारी तपासलेलं बरं, आणि रोज साधारण त्याच वेळी. आधी दोन तास फार पाणी पिऊ नका, नाहीतर लघवी पातळ होऊन रेषा फिकी येते.

पट्टीवर दोन रेषा असतात. एक कंट्रोलची, ती पट्टी चालू आहे एवढंच सांगते. दुसरी तपासणीची. ही दुसरी रेषा कंट्रोलइतकी किंवा तिच्याहून गडद झाली तरच पॉझिटिव्ह. फिकी दुसरी रेषा दिसली की पुष्कळ जणी आनंदतात, कारण गर्भधारणेच्या तपासणीत फिकी रेषाही चालते. इथे चालत नाही, कारण एलएच थोडंफार रोजच असतं. पाकिटावर दिलेल्या वेळेतच रेषा वाचा. अर्ध्या तासाने कचऱ्यातून काढून पाहिलेली पट्टी गडद दिसली तरी तिला अर्थ नाही.

मूल हवं असेल तर पट्टी पॉझिटिव्ह येण्याची वाट बघत थांबू नका. बीज फुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस हेच गर्भ राहण्याचे दिवस असतात. पट्टी पॉझिटिव्ह होईपर्यंत त्यातले बरेचसे उलटून गेलेले असतात.

पट्टी पॉझिटिव्ह आली म्हणजे बीज फुटलंच का?

बहुतेकदा येत्या एक-दोन दिवसांत फुटतं. पण पट्टी दाखवते ती पिट्युटरीने दिलेली हाक. अंडाशयाने ती ऐकली का, हे पट्टीला कळत नाही. क्वचित उसळी येऊनही फॉलिकल फुटत नाही. पीसीओएसमध्ये एलएच मुळातच चढं असू शकतं, त्यामुळे पट्टी अनेक दिवस पॉझिटिव्ह येत राहते आणि बाई गोंधळून जाते. एचसीजीचं (गर्भधारणेच्या हार्मोनचं) इंजेक्शन घेतलं असेल तरीही पट्टी फसू शकते, कारण एचसीजी आणि एलएचची रचना जवळजवळ सारखी आहे. पट्टी पॉझिटिव्ह आल्यावर सात दिवसांनी प्रोजेस्टेरॉन तपासलं, तर दोन्ही मिळून चित्र पुरं होतं. अनियमित पाळीच्या बाईसाठी रक्ताचा दिवस ठरवायची ही चांगली पद्धत आहे.

घरच्या यंत्रांत ई३जी आणि पीडीजी लिहिलेलं असतं. ते काय?

शरीर वापरून झालेलं इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यकृतात बदलून लघवीवाटे टाकून देतं. इस्ट्रोजेनचा तो अवशेष म्हणजे ई३जी आणि प्रोजेस्टेरॉनचा पीडीजी. ई३जी वाढलं तर फॉलिकल मोठं होत आहे. त्यानंतर पीडीजी चढून सलग तीन दिवस वर राहिलं तर बीज फुटून गेलं.

ही कल्पना नवीन नाही. लघवीतलं इस्ट्रोजेन मोजण्याची भरवशाची पद्धत जेम्स ब्राउन यांनी १९५० च्या दशकात एडिनबरोत बसवली आणि पुढे मेलबर्नमध्ये बायकांना घरी मोजता येईल असं उपकरण विकसित केलं. लघवीच्या मापनाचा एक मोठा फायदा आहे. रात्रभर मूत्राशयात साठलेल्या लघवीत तासातासाचे झटके मिसळून जातात, म्हणून प्रोजेस्टेरॉनच्या एका रक्तनमुन्यात दिसणारा चढउतार इथे त्रास देत नाही. तोटा असा की लघवी किती पातळ यावर आकडा हलतो, आणि दोन कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळवता येत नाहीत. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा आलेख कुठे वळतोय ते बघा. आणि ज्या यंत्राला गर्भनिरोधनासाठी मान्यता नाही, त्यावर गर्भनिरोधनासाठी विसंबू नका.

रोज सकाळी तापमान घेणं अजून उपयोगी आहे का?

आहे. प्रोजेस्टेरॉनमुळे अंगाचं तापमान सुमारे ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढतं आणि पाळीपर्यंत वर राहतं. अंथरुणातून उठण्याआधी, रोज त्याच वेळी मोजावं लागतं. ताप, जागरण, मद्य यांनी नोंद बिघडते. चढ दिसतो तोवर बीज फुटून गेलेलं असतं, पण उत्तरार्ध किती दिवसांचा आहे हे कळायला दोन-तीन महिन्यांचा हा कागद पुष्कळ बोलका असतो.

पीसीओएसचं निदान हार्मोनवरून होतं का?

फक्त हार्मोनवरून नाही. २००३ साली रॉटरडॅममध्ये ठरलेल्या निकषांप्रमाणे तीनपैकी दोन गोष्टी लागतात: बीज अनियमित फुटणं किंवा न फुटणं, पुरुषी हार्मोन जास्त असणं (हनुवटी-पोटावरचे राठ केस, चिवट मुरमं किंवा रक्तातलं टेस्टोस्टेरॉन), आणि सोनोग्राफीत अंडाशयात खूप छोटी फॉलिकल दिसणं. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ स्त्रीत सोनोग्राफीऐवजी एएमएच वापरता येतं, किशोरवयीन मुलीत नाही.

एलएच आणि एफएसएचचं प्रमाण दोनास एक आलं म्हणजे पीसीओएस, ही समजूत अजून पक्की रुजलेली आहे. हे प्रमाण निकषांत नाही. पीसीओएस असूनही ते नेहमीसारखं असू शकतं. निदान करण्याआधी थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन बघून तसंच दिसणारे दुसरे आजार बाजूला काढावे लागतात.

पाळीच्या तक्रारीसाठी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन कशाला?

दोन्ही बिघाड बीज फुटणं थांबवू शकतात आणि दोन्हींवर उपचार सरळ आहेत. प्रोलॅक्टिन वाढलं की मेंदूकडून एफएसएच-एलएचला जाणारे संकेत दबतात. थायरॉइड मंदावल्यावर प्रोलॅक्टिनही चढू शकतं, म्हणून दोन्ही एकत्र बघतात. या दोन तपासण्यांना पाळीचा ठरावीक दिवस लागत नाही.

प्रोलॅक्टिन फार चटकन हलतं. झोप, ताण, व्यायाम, छातीची तपासणी, अगदी सुई टोचण्याची भीतीही ते वाढवते. झोपेतून उठल्यावर दोन-तीन तासांनी, थोडं शांत बसून रक्त द्यावं. मळमळीवरची काही औषधं, जसं डोम्पेरिडोन, आणि मानसिक आजारांवरची काही औषधंही कारण असतात. थोडंसंच वाढलेलं असेल तर एमआरआयचा विचार करण्याआधी ते पुन्हा तपासतात.

माझे सगळेच हार्मोन कमी आलेत आणि पाळी चार महिने आलेली नाही. गोळ्यांनी पाळी आणली तर झालं ना?

नाही, इथे थांबून नीट बघायला हवं. दिवस गेलेले नाहीत हे आधी तपासून घ्या. एफएसएच, एलएच आणि इस्ट्राडायॉल तिन्ही खालच्या बाजूला असतील, तर अंडाशयात दोष नसून मेंदूने वरूनच यंत्रणा मंद केलेली असण्याची शक्यता आहे. शरीराला मिळणारी ऊर्जा आणि खर्च होणारी ऊर्जा यांत तूट पडली की असं होतं. डाएट, धावण्याचा किंवा जिमचा अतिरेक, झपाट्याने घटलेलं वजन, प्रदीर्घ ताण, आणि बऱ्याचदा हे सगळं मिळून. वजन 'नॉर्मल' असलेल्या मुलींतही हे दिसतं, म्हणून ते सुटून जातं.

या प्रकाराकडे फार दुर्लक्ष होतं. पाळी नाही म्हणून कटकट नाही, असं मुली म्हणतात, आणि इस्ट्रोजेनअभावी हाडं मात्र त्याच वयात विरळ होत जातात ज्या वयात ती भरायची असतात. गोळ्यांनी आलेला रक्तस्राव म्हणजे यंत्रणा सुरू झाली असं नाही. पुरेसं खाणं, व्यायाम कमी करणं आणि गरज असेल तर मानसोपचार, हा खरा उपचार आहे. पिट्युटरीत दुसरं काही नाही ना, हेही डॉक्टर तपासून घेतात.

आकडे याच्या उलट आले, म्हणजे वय ४० च्या आत, पाळी चार महिने बंद किंवा फार अनियमित आणि एफएसएच २५ च्या वर, तर अंडाशयाचं काम वेळेआधी मंदावलं आहे का, याची तपासणी लांबणीवर टाकू नये.

गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना तपासण्या कराव्यात का?

ओव्ह्युलेशनसाठी नाही. गोळ्या बीज फुटूच देत नाहीत आणि महिन्याअखेर येणारा रक्तस्राव गोळ्या थांबवल्यामुळे येतो. त्या काळातले एफएसएच, एलएच, इस्ट्राडायॉल तुमचे स्वतःचे नसतातच. टेस्टोस्टेरॉनसाठी सुमारे तीन महिने गोळ्या बंद ठेवून तपासतात. तेवढे दिवस दुसरं गर्भनिरोधन लागेल, हे आधीच ठरवा. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या किंवा प्रोजेस्टेरॉनची औषधं चालू असतील तर तीही सांगा.

केसांसाठी बायोटिन घेते. त्याने काही फरक पडतो का?

पडतो, आणि कुणी विचारत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. अनेक लॅबच्या यंत्रांत तपासणीच्या रसायनांमध्येच बायोटिन वापरलेलं असतं. रक्तात ते जास्त असेल तर इस्ट्राडायॉल, प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन खोटं वाढलेलं आणि टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला हार्मोन), एफएसएच, एलएच खोटं घटलेलं दिसू शकतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली याबद्दल जाहीर इशारा दिला होता. केस-नखांच्या गोळ्यांत बायोटिन मोठ्या मात्रेत असतं. रक्त देण्याआधी किमान दोन-तीन दिवस बंद ठेवा, आणि डोस फार मोठा असेल तर किती आधी थांबायचं ते लॅबला विचारा.

उपाशीपोटी जावं लागतं का?

एफएसएच, एलएच, इस्ट्राडायॉल, प्रोजेस्टेरॉन, एएमएचसाठी नाही. सोबत साखर किंवा इन्सुलिन असेल तर हो. टेस्टोस्टेरॉन आणि १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन सकाळी दिलेलं चांगलं.

दोन लॅबचे आकडे वेगळे आले. खरा कुठला?

दोन्ही आपापल्या जागी खरे असू शकतात. पद्धत वेगळी, एकक वेगळं, दिवस आणि वेळ वेगळी. बदल बघायचा असेल तर पुढच्या वेळीही त्याच लॅबमध्ये, चक्राच्या त्याच टप्प्यावर रक्त द्या. बायकांतलं टेस्टोस्टेरॉन इतकं थोडं असतं की नेहमीच्या यंत्रांची अचूकता तिथे कमी पडते. निर्णय त्यावर अवलंबून असेल तर मास स्पेक्ट्रोमेट्री या जास्त अचूक पद्धतीने मोजून घेतलेलं बरं.

४५ नंतर पाळी मागेपुढे व्हायला लागली. एफएसएच करून पाळी जाणार का ते कळेल?

नीटसं नाही. या वर्षांत एफएसएच एका महिन्यात ४० आणि पुढच्या महिन्यात ८ असू शकतं. लक्षणं आणि वय पुरेसं बोलतात, म्हणून ४५ नंतर ही तपासणी सहसा करत नाहीत. सलग १२ महिने पाळी आली नाही की मग पाळी गेली असं म्हणतात. तोवर दिवस राहू शकतात. आणि पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावर गेलं, अगदी डाग दिसला तरी, हार्मोन तपासत बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

रक्तापेक्षा सोनोग्राफी चांगली नाही का?

फॉलिकल वाढताना आणि मग आकसलेलं प्रत्यक्ष दिसतं, हा तिचा मोठा गुण. फुटण्याआधी ते साधारण १८ ते २४ मिलिमीटरचं होतं. पण त्यासाठी एका चक्रात अनेक फेऱ्या माराव्या लागतात. उपचार चालू असतील तर त्या गरजेच्या, नुसतं बीज फुटतं का बघायला प्रोजेस्टेरॉनची एक नळी पुरते.

डॉक्टरांकडे कधी जावं आणि सोबत काय न्यावं?

पाळी नियमित असताना सलग तीन महिने आली नाही, अंतर वारंवार २४ दिवसांपेक्षा कमी किंवा ३८ पेक्षा जास्त राहिलं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जातंय, दर तासा-दोन तासाला पॅड भिजतंय, पाजत नसताना छातीतून दूध येतंय, तर थांबू नका. मुलीला १५ वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नसेल तरीही दाखवावं. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलीत पहिली काही वर्षं ४५ दिवसांपर्यंतचं अंतर चालू शकतं. मूल हवं असेल तर ३५ च्या आत वर्षभर आणि ३५ नंतर सहा महिने प्रयत्न करून जावं, पण पाळीच अनियमित असेल तर इतकं थांबायचं कारण नाही.

नेताना गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी (व्हिटॅमिनसुद्धा), वजनात झालेला बदल, आणि प्रत्येक जुन्या रिपोर्टच्या कोपऱ्यात हाताने लिहिलेल्या दोन गोष्टी न्या: रक्त दिलं तो चक्राचा कितवा दिवस होता, आणि त्यानंतर पाळी कधी आली.